वडाला दोरा पुण्यात, आम्ही स्टोनहेंजला : ड्रुइड लोकांचा जूनमधला सण

स्विंडनकरीण

२०२४ च्या जूनमधली गोष्ट आहे, लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं. आज एकीने व्हॉट्सॲपवर "ते स्टोनहेंजला जमणारे पांढरे झगेवाले खरे कोण असतात गं" असं विचारलं आणि मी टाईप करत सुटले, मग म्हटलं इथेच टाकावं.

माझ्या ऑफिसात एक सिनियर बाई आहेत, साठीला आलेल्या, अकाउंट्समध्ये, एकदम नीटनेटक्या. चार वर्षं शेजारी बसून मला पत्ता नव्हता की त्या ड्रुइड (म्हणजे एका निसर्गपूजक पंथातल्या) आहेत. डेस्कवर तीन रेघांचं एक चिन्ह होतं, वरून खाली पसरत येणाऱ्या, मला वाटायचं कुठल्यातरी कंपनीचा लोगो असेल. तर ते आवेन. वेल्श शब्द आहे, साधारण स्फूर्ती किंवा प्रतिभा असा अर्थ. जूनमध्ये त्यांनी सहज विचारलं, गुरुवारी रात्री स्टोनहेंजला चाललोय, येतेस का? नवरा म्हणाला जा, पोरांना मी बघतो, माझ्याच्याने रात्रभर उभं राहणं होणार नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्टोनहेंज म्हणजे दक्षिण इंग्लंडमधलं प्रचंड दगडांचं प्राचीन वर्तुळ. एरवी स्टोनहेंजला तिकीट काढून जायचं आणि दोरीच्या बाहेरून दगडांकडे बघत गोल फिरून यायचं. पण जूनच्या अयनदिनाला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी (आणि डिसेंबरच्या, आणि दोन्ही विषुवदिनांना), इंग्लिश हेरिटेज ही जागा सांभाळणारी संस्था दगडांच्या आत सोडते, आणि तेही फुकट. जूनमध्ये रात्रभर. आम्ही गेलो तेव्हा २० च्या संध्याकाळी ७ ते २१ च्या सकाळी ८. पार्किंगला मात्र पैसे पडतात, त्यावरून भांडणं चालू आहेत ती वेगळीच. गाडी लावून अर्धा तास चालत जायचं. दारू नाही, काचेची बाटली नाही, कुत्रा नाही, स्लीपिंग बॅग नाही, दगडावर चढायचं नाही. आदल्याच दिवशी, १९ तारखेला, जस्ट स्टॉप ऑइल या तेलविरोधी आंदोलनातल्या दोघांनी दगडांवर नारिंगी पावडर उडवली होती म्हणून सिक्युरिटीवाले जरा डोळ्यात तेल घालून होते, पण पावडर तोवर साफ झालेली होती, मी मुद्दाम शोधली, दिसली नाही.

गर्दी कशी म्हणाल तर जत्राच. त्या वर्षी १५ हजारांच्या आसपास लोक होते. झगेवाले त्यात फार थोडे. बाकी ढोल बडवणारी पोरं, पानाफुलांचे मुकुट घातलेल्या मुली, बाबागाडीत झोपलेली बाळं, डोक्याला शिंगं लावलेला एक माणूस जो शांतपणे सँडविच खात होता. पहाटे तीनच्या सुमारास मागून "हरे कृष्ण" सुरू झालं तेव्हा मला हसू आवरेना, म्हटलं घ्या, आपले लोक पोचले.

चंद्राचं सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा, म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण. पण तो वर चढेचना! दक्षिणेला क्षितिजाच्या जरा वर, कुणीतरी कंदील हातात धरून माळावरून चालल्यासारखा, तसाच सरकत गेला आणि पहाटेच्या आतच मावळला. बाई म्हणाल्या १८.६ वर्षांनी एकदा चंद्र असा टोकाला जातो, २०२४-२५ हा तोच काळ. मी एवढी वर्षं पौर्णिमा बघतेय, पण एवढा बुटका चंद्र पहिल्यांदाच बघितला.

मग उजाडायला लागल्यावर बाईंच्या ओळखीचे लोक जमले आणि गोल केला. आमच्या गोलात निळे, हिरवे, पांढरे झगे होते. बाईंच्या पंथात (ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स, १९६४ ला रॉस निकल्स नावाच्या गृहस्थांनी काढलेला) बार्ड निळा, ओव्हेट हिरवा आणि ड्रुइड पांढरा, अशा तीन पायऱ्या. शिक्षण चक्क पोस्टाने! घरबसल्या धडे येतात. सुरुवात कशी तर एक जण एकेका दिशेला तोंड करून मोठ्याने विचारतो, उत्तरेला शांती आहे का? आणि सगळे म्हणतात, आहे. दक्षिणेला? आहे. चारही दिशा झाल्या की मगच पुढचं. चारही दिशांना शांती नसेल तर म्हणे विधी सुरूच करायचा नाही. मग हातात हात घालून शांतीची आणि प्रेमाची शपथ, तीन वेळा. माझ्या डाव्या हाताला बाई होत्या, उजवीकडे एक अनोळखी आजोबा, हात असे खरखरीत की सुतारकाम करत असावेत, आणि गार पडलेले. शपथ संपली तरी त्यांनी हात सोडला नाही कारण पुढे "आवेन"चा घोष होता, आ-ऊ-एन असा लांबवत, तीनदा. कानाला ॐ च्या फार जवळचं. माझे डोळे का भरून आले ते मला अजून सांगता येणार नाही, झोप नव्हती हेही कारण असेल.

४:५१ ला सूर्य. ईशान्येला, हील स्टोन म्हणून एक वाकडा एकटा दगड बाहेर उभा आहे त्याच्या बाजूने. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. पुण्यातून. "अगं वडाला जाऊन आले, तू काही केलंस का?" मागे ढोल, शंखासारखं काहीतरी, हजारो लोकांचा ओरडा. आईला म्हटलं, मीही पूजेलाच आलेय. कसली ते सांगितलं नाही.

---

खवचट_काका

वर्णन छान. पण हा सगळा फॅन्सी ड्रेस आहे हो. ड्रुइड हे लोहयुगातले केल्टिक पुरोहित, त्यांचे पहिले सविस्तर उल्लेख ज्युलियस सीझरच्या काळचे, म्हणजे इसपू पहिलं शतक. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले इसपू २५०० च्या सुमारास. मध्ये दोन हजार वर्षं. शिवाजी महाराज आणि सम्राट अशोक यांच्यात जेवढं अंतर, जवळपास तेवढं. ड्रुइडांनी स्टोनहेंज बांधलं ही कल्पना १७ व्या शतकात जॉन ऑब्रीच्या डोक्यातून निघाली आणि १७४० ला विल्यम स्टुकली नावाच्या पाद्र्याने पुस्तक लिहून ती पक्की केली. पांढरा झगा प्लिनी या रोमन लेखकाच्या एका परिच्छेदातून उचललेला, ओकवर चढून सोन्याच्या विळ्याने मिसलटो (एक बांडगूळ) कापणारा पुरोहित. बाकी सगळं दोन-अडीचशे वर्षांतलं. आणि तुमचे डोळे भरून येतात!

---

सोलापुरी_चादर

काका आले, धाग्याला टीआरपी मिळाला 😄

ताई मला एकच सांगा, १५ हजार लोक रात्रभर, तर टॉयलेटचं काय??

---

स्विंडनकरीण

@सोलापुरी_चादर तात्पुरती असतात, रांग असते, आणि पहाटे चारनंतर तिकडे जायची हिंमत करू नये. खायचे स्टॉल असतात, महाग. मी मेथीचे ठेपले नेले होते, शिंगवाल्याला एक दिला, "व्हेगन आहे का" विचारून त्याने दोन खाल्ले.

@खवचट_काका अहो ते त्यांना माहीत आहे! बाईंनीच मला गाडीत जाताना सांगितलं की आमच्या पूर्वजांनी हे बांधलेलं नाही म्हणून. त्या म्हणाल्या, ज्यांनी बांधलं त्यांना काय म्हणायचं होतं ते कुणालाच माहीत नाही, पण सूर्य उगवतो कुठे हे त्यांनी आपल्यासाठी दगडात लिहून ठेवलंय तेवढं वाचता येतं.

---

दगडधोंडे

वाचतोय. थोडी भर घालतो, विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी दगड. मोठे ते सार्सन, २०२० च्या अभ्यासाप्रमाणे बहुतेक सगळे वेस्ट वूड्सहून आलेत, साधारण २५ किमी. आतले लहान ब्लूस्टोन वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून, २०० किमीच्या वर. आणि मधला जो आडवा पडलेला आल्टर स्टोन, तोही वेल्सचाच असं शंभर वर्षं समजत होते, तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये निघालं की तो थेट ईशान्य स्कॉटलंडचा, ७०० किमीच्या पुढे! म्हणजे ताई तुम्ही त्याच्याजवळ उभ्या होतात तेव्हा तो अजून वेल्सचा होता, दोन महिन्यांनी स्कॉटिश झाला.

दुसरी गंमत. स्टोनहेंजचा अक्ष, म्हणजे ज्या सरळ रेषेवर ते मांडलंय ती, दुतोंडी आहे. मध्यातून ईशान्येकडे बघितलंत तर जूनचा सूर्योदय, आणि बरोब्बर पाठ फिरवलीत तर नैर्ऋत्येला डिसेंबरचा सूर्यास्त. आणि बऱ्याच पुरातत्त्ववाल्यांना वाटतं की बांधणाऱ्यांचा मुख्य सण डिसेंबरचाच असावा. कारण जवळच ३ किमीवर ड्यूरिंग्टन वॉल्स म्हणून वस्ती सापडली, तिथे डुकरांच्या हाडांचे ढीग आहेत, आणि दातांवरून कळतं की बरीचशी साधारण ९ महिन्यांची असताना मारलेली. डुकरं वसंतात वितात असं धरलं तर ९ महिने म्हणजे ऐन हिवाळा. म्हणजे थंडीत मटणाचे बेत आणि मावळत्या सूर्याला निरोप. जूनमध्ये पहाटे ईशान्येला तोंड करून उभे असलेले हजारो लोक कदाचित वरातीकडे पाठ करून उभे आहेत.

---

खवचट_काका

दगडधोंडे, हे वरातीचं आवडलं.

---

शब्दवेडी

माझा आवडता कोपरा म्हणजे शब्द. "ड्रुइड" हा शब्द बहुतेक भाषाशास्त्रज्ञ द्रु + विद् असा फोडतात. द्रु म्हणजे ओक किंवा झाड, विद् म्हणजे जाणणे. ओक जाणणारा. आयरिशमध्ये ओकला "दार", वेल्शमध्ये "देर्व". आणि आपल्याकडे? द्रुम, दारु, देवदार. विद् तर विद्या, विद्वान, वेद सगळीकडे. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

---

सह्याद्रीचा_वाघ_७७

म्हणजे ड्रुइड मूळचे आपलेच!!! वेद जाणणारे द्रविड तिकडे गेले आणि ड्रुइड झाले. हे कुणी शिकवणार नाही आपल्याला शाळेत.

---

सोलापुरी_चादर

ओक झाडाचं नाव निघालं की आडनावाचे ओक (सगळं जग मूळचं वैदिक म्हणणारे पु. ना.) आठवणारच 🙏 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

शब्दवेडी

@वाघ_७७ दादा थांबा, काटा आला म्हणजे डोकं बाजूला ठेवलं असं नाही. भ्राता आणि ब्रदर सारखे आहेत म्हणून इंग्रज आपले चुलतभाऊ होत नाहीत, फक्त दोन्ही भाषांची पणजी एक आहे. द्रु हा त्या पणजीच्या पेटीतला शब्द, त्यांच्याही वाट्याला आला आपल्याही. इंग्रजीतला "ट्री" पण त्याच पेटीतला. द्रविडशी काही संबंध नाही, नुसता कानाला जुळतो.

पण एक साम्य खरंच विचार करण्यासारखं आहे. सीझरने लिहून ठेवलंय की ड्रुइड विद्यार्थी ढीगभर पद्य पाठ करतात, कधी कधी वीस वर्षं लागतात, आणि ही विद्या लिहून ठेवणं त्यांना मान्य नसतं. लिहिता येत नव्हतं असं नाही, हिशेबाला ग्रीक लिपी वापरायचे. फक्त हे लिहायचं नाही. आपले घनपाठी आठवले की नाही? फरक एवढाच की आपली साखळी तुटली नाही. रोमनांनी इस ६० च्या सुमारास वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर ड्रुइडांच्या पवित्र राया तोडल्या, पुढे ख्रिस्ती धर्म आला, आणि पाठ असलेले म्हातारे गेले तशी विद्याही गेली. एक ओळ शिल्लक नाही. आजचे लोक जे म्हणतात ते सगळं नव्याने रचलेलं आहे ते यामुळे.

---

लंडनचा_जावई

आणि रचलं कुणी ते ऐका. एडवर्ड विल्यम्स, टोपणनाव इयोलो मॉर्गानुग. वेल्समधला पाथरवट, दगड घडवणारा. कवी पण अव्वल, आणि अफूचा अर्क घ्यायची सवय. त्याने १७९२ च्या जूनमध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर खिशातून खडे काढून गोल मांडला आणि जाहीर केलं की ही प्राचीन वेल्श कवींची सभा, गोर्सेथ, अखंड चालत आलेली. पुरावा म्हणून जुनी हस्तलिखितं दाखवली, जी त्याने स्वतःच लिहिली होती! पकडला गेला तो मेल्यानंतर फार उशिरा. पण तोवर १८१९ ला ती गोर्सेथ वेल्सच्या साहित्य संमेलनाला, म्हणजे आइस्टेथवॉडला, जोडली गेली होती, आणि आजही तिथे कवीला बक्षीस देताना झगेवाले लोक त्याचाच विधी करतात. ताईंच्या बाई डेस्कवर ठेवतात ते तीन रेघांचं चिन्ह? त्याचंच. जूनच्या सणाला ड्रुइड "आल्बान हेविन" म्हणतात, ते नावही त्याचंच. विक्का या आधुनिक जादूटोणा-पंथातले लोक त्याच सणाला "लिथा" म्हणतात, ते अँग्लो-सॅक्सन महिन्याच्या नावावरून १९७० च्या दशकात अमेरिकेत बसवलेलं.

मी प्रिमरोझ हिलजवळच राहायचो, टेकडीवर इयोलोची पाटी आहे. लोक तिच्यावर चिप्सची पाकिटं ठेवून शहर बघतात.

---

खवचट_काका

बघा, मी काय म्हणत होतो! बनावट हस्तलिखितांवर उभा राहिलेला धर्म. १९०५ च्या ऑगस्टमध्ये एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्सचे कित्येक शे लोक स्टोनहेंजला जमले होते, पांढरे झगे आणि कानात अडकवायच्या खोट्या दाढ्या लावून, पेपरवाल्यांनी यथेच्छ टिंगल केली होती. चर्चिल पण १९०८ ला त्याच मंडळात गेला होता, म्हणजे ते मंडळ नुसता जमायचा क्लबच होता म्हणा.

---

मावळती_उन्हं

काका, एक शंका. सार्वजनिक गणपती कधीपासून? १८९३. म्हणजे प्रिमरोझ हिलच्याही शंभर वर्षं नंतर. मंडप, मिरवणूक, देखावा, लेझीम, यातलं काय "प्राचीन" आहे? पण विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभं राहिल्यावर कुणी म्हणतं का की हे सव्वाशे वर्षांचं आहे म्हणून माझे डोळे भरून यायला नकोत?

---

खवचट_काका

तुलना चुकतेय. गणपती आधीपासून घरात होताच, टिळकांनी तो चौकात आणला. देव जुना, जागा नवी. इथे देव कोण तेच ठरलेलं नाही. त्यांच्यातले काही म्हणतात सूर्य, काही म्हणतात देवी, काही म्हणतात निसर्ग, काही नास्तिक आहेत आणि तरी झगा घालतात!

---

मावळती_उन्हं

इथे सूर्य आधीपासून होताच की. दगडही होते. झगा नवा. 🙂

(आणि देव कोण ते ठरलेलं नसणं हा दोष आहे का? आमच्या घरात आजोबा अद्वैती, आजी देवीची, बाबा काहीच नाही, आरतीला तिघंही.)

---

स्विंडनकरीण

@मावळती_उन्हं 👏 मला हे सुचलंच नव्हतं.

काका, क्लबचं म्हणाल तर २०१० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनने ड्रुइड नेटवर्क या संस्थेला धार्मिक धर्मादाय म्हणून नोंदवून घेतलं, आणि तेव्हा नेमका हाच प्रश्न आला होता, देव कोण? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात "पेगन" (ख्रिस्तपूर्व निसर्गधर्म मानणारे) लिहिलं. फार नाहीत. पण खोटी दाढी लावून कुणी जनगणनेत लिहीत नाही.

---

लंडनचा_जावई

आणि आज जे रात्रभर फुकट आत सोडतात ना, ते कुणी सहज दिलेलं नाही. १९७४ पासून तिथे जूनमध्ये फ्री फेस्टिव्हल भरायचा, हिप्पी, बँड, गाड्यांतून राहणारे भटके लोक. १९८५ ला तो बंद करायचं ठरलं. १ जूनला गाड्यांचा ताफा निघाला, पोलिसांनी रस्ता अडवला आणि लोक शेजारच्या वाटाण्या-घेवड्याच्या शेतात शिरले. तिथे काचा फोडून, बाया-पोरांना ओढून काढलं, ५३७ लोकांना अटक. बॅटल ऑफ द बीनफील्ड म्हणतात त्याला. त्यानंतर वर्षानुवर्षं अयनदिनाला दगडांभोवती चार मैलांची नाकाबंदी. १९९९ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) निकाल दिला की रस्त्यावर शांतपणे जमणं हा आपोआप गुन्हा होत नाही, आणि २००० पासून हा खुला प्रवेश सुरू झाला.

त्या लढ्यात एक गृहस्थ होते (आहेत अजून), माजी सैनिक, नाव कायदेशीरपणे बदलून "आर्थर युथर पेंड्रॅगन" करून घेतलेले, हातात तलवार, डोक्याला पट्टा. नाकाबंदीत दरवर्षी जाऊन अटक करून घ्यायचे. आता ते पार्किंगच्या पैशांवरून भांडतात, म्हणतात प्रार्थनेला पैसे का द्यायचे. हसायला येतं, पण दरवाजा उघडला त्यात त्यांचाही खांदा आहे.

---

सह्याद्रीचा_वाघ_७७

हे मात्र भारी. देवळात जायला तुरुंगात जाणारी माणसं म्हणजे खरी भक्ती. माझा मुद्दा मागे घेतो. (द्रविडवाला. बाकीचे नाही.)

---

पंचांग_पाहणारा

थोडं गणित. २०२४ चा अयनक्षण भारतीय वेळेने २१ जूनला पहाटे २:२१ ला होता, म्हणजे ब्रिटनमध्ये २० च्या रात्री ९:५१. सूर्य त्या दिवशी सगळ्यात उत्तरेला पोचतो आणि दक्षिणायन लागतं. पण आपल्या पंचांगात कर्क संक्रांत येते १६ जुलैच्या आसपास! तसंच खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला आणि आपण तीळगूळ देतो १४-१५ जानेवारीला. कारण आपली संक्रांत निरयन, ताऱ्यांशी बांधलेली, आणि पृथ्वीचा आस सावकाश गिरकी घेतो म्हणून दर ७२ वर्षांनी साधारण एक अंशाचा फरक पडतो. आता फरक २४ अंशांवर गेलाय. या ड्रुइड लोकांचं बरं, आकाशात सूर्य कुठे आहे ते बघतात आणि सण करतात, पंचांगवाल्याला विचारावं लागत नाही.

आणि हा सण त्यांना एवढा का, तर मुंबईत सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकराच्या जवळ. तिकडे साडेसोळा आणि आठच्याही आत.

---

स्विंडनकरीण

हो!! हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडला तेव्हा मी आईला फोन करून रडले होते. आपल्याकडे जूनमध्ये सगळे ढगाकडे डोळे लावून बसतात, सूर्य कधी एकदाचा झाकला जातोय म्हणून. इथे सूर्य ही चैन आहे.

---

नागपुरी_संत्रं

कुणीच बोललं नाही म्हणून. नागपूरला काटोल रोडवर जुनापाणी आहे, तिथे ३०० च्या आसपास दगडांची वर्तुळं आहेत. लोहयुगातली दफनं, १८७९ ला रिव्हेट-कार्नॅकने खोदली होती. स्टोनहेंजचा आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही (वाघसाहेब, नाही म्हणजे नाही) पण स्टोनहेंजही सुरुवातीला, इसपू ३००० च्या सुमारास, राख पुरायची जागाच होती. मी शाळेच्या सहलीला जुनापाणीला गेलो होतो तर सर म्हणाले "दगड आहेत, बघा, चला बसमध्ये". डबा खायला पण थांबलो नाही बे.

---

सोलापुरी_चादर

ताई, ते जुने ड्रुइड माणसं जाळायचे ना वेताच्या पुतळ्यात? तुमच्या बाईंना विचारलंत का? 😬

---

शब्दवेडी

ते सीझरनेच लिहिलंय, आणि सीझर त्यांच्याशी लढत होता. शत्रूने लिहिलेलं चरित्र जपून वाचावं. नरबळी अजिबात नव्हते असंही कुणी छातीठोक म्हणत नाही.

---

स्विंडनकरीण

विचारलं होतं. म्हणाल्या, "आम्ही पाव आणि मीड."

तेच सांगायचं राहिलं. शनिवारी त्यांच्या छोट्या गटाचा वेगळा कार्यक्रम होता, एव्हबरीला. स्टोनहेंजपेक्षा मला तेच जास्त आवडलं. स्विंडनहून जवळ, दगडांचं वर्तुळ एवढं मोठं की आत अख्खं गाव आहे, पबसुद्धा. तिकीट नाही, दोरी नाही, दगडांना टेकून मेंढ्या बसलेल्या. ड्रुइडांचा जूनचा मुख्य विधी खरं तर भर दुपारी असतो, सूर्य डोक्यावर असताना, आम्ही १४ जण होतो आणि तीन मेंढ्या. परत तेच, चारही दिशांना शांती आहे का, आहे. मग एका शिंगात मीड, म्हणजे मधाची दारू, आणि घरी भाजलेला एक मोठा पाव फिरला. प्रत्येकाने पिण्याआधी थोडी जमिनीवर ओतायची, पावाचा पहिला तुकडा गवतावर ठेवायचा.

मी शिंग हातात घेतलं आणि तसंच धरून राहिले. माझे आजोबा जेवायच्या आधी पानाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला भाताची चार-पाच शितं ठेवायचे. चित्राहुती. मी लहानपणी ती शितं चोरून खायचे आणि आजी ओरडायची. तीस वर्षं मी चित्राहुती हा शब्द उच्चारला नव्हता. बाईंना सांगितलं, त्यांनी तीनदा म्हणून घेतला, चित्र-हुती, चित्रा-उती, शेवटी जमला.

माझा पावाचा तुकडा मेंढीने खाल्ला.

---

मावळती_उन्हं

मेंढीला नैवेद्य पावला. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा)!

---

दगडधोंडे

सुंदर. डिसेंबरात एकदा जा ताई, मावळतीला. गर्दी कमी असते आणि तुम्ही बरोबर दिशेला तोंड करून उभ्या असाल.

---

खवचट_काका

मुलगा ब्रिस्टलला आलाय नोकरीला. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे असू. डोळेबिळे काही भरून येणार नाहीत, फक्त तो अक्ष बघायचाय. पहाटे किती थंडी असते? एक स्वेटर पुरेल का?

---

स्विंडनकरीण

दोन आणा काका. आणि लोकरीचे मोजे, दव फार असतं. काकूंसाठी मोठी खुर्ची आणू नका, गेटवर अडवतात.